पाण्याचे साडेबारा टक्के

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या गावात ‘साडेबारा टक्के’ म्हटलं की कशाचे, असं कुणी विचारत नाही. घणसोली असो, कोपरखैरणे असो की तुर्भे, आगरी-कोळी घरांत या शब्दांवर लग्नं जमली, भावाभावांत कोर्टकज्जे झाले, कौलारू घरांच्या जागी मजले चढले. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती, खाजणं आणि मिठागरं त्या नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. भाव इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या मागे सगळा पट्टा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे १९९० मध्ये सरकारने मान्य केलं की ज्याची जमीन घेतली, त्याला त्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा.

या योजनेत पुढे काय काय झालं, त्याचं कौतुक मी करणार नाही. त्यावर पुढे येतेच. पण त्यात मान्य झालेलं तत्त्व मोठं होतं. शहर जिथून काही घेतं, तिथल्या माणसाला एकदाच पैसे देऊन मोकळं होता येत नाही. शहर वाढेल तसा त्याचाही त्यात वाटा असतो. हे तत्त्व आपल्याच पट्ट्याने रक्त सांडून मिळवलं, आणि ते जमिनीपुरतंच राहिलं. ठाणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, शहापूर आणि मुरबाडच्या डोंगराळ भागातून शहराने पाणी घेतलं, अजून घेतंय. त्याचे साडेबारा टक्के कुणी मागितले नाहीत आणि कुणी दिले नाहीत. ते द्यावेत, दरवर्षी द्यावेत आणि कायद्याने द्यावेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

माझे वडील शहापूर तालुक्यातून ठाण्याला आले ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले म्हणून. आत्या गावाकडेच राहिली, डोळखांबच्या बाजूला. लहानपणापासून कसाऱ्याची लोकल पकडून मी तिच्याकडे जाते आहे, आणि माझ्या मते ठाणे जिल्ह्याचा भूगोल शिकवायला या लोकलसारखं साधन नाही. ठाण्याला खाडी दिसते. कळव्याला पारसिकचा डोंगर, मग दिवा-डोंबिवलीपर्यंत रुळांना टेकलेल्या इमारती. कल्याणला अर्धा डबा रिकामा होतो. शहाडला उल्हास नदी ओलांडली की टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव अशी स्टेशनं येत जातात आणि प्रत्येक स्टेशनागणिक भाताची खाचरं वाढतात, माणसं कमी होतात. आसनगावाहून माहुलीचे सुळके समोर येतात. आटगाव, खर्डी ओलांडून गाडी कसाऱ्याला पोचते तेव्हा पुढे सह्याद्रीची भिंतच असते. अडीच तासांच्या आत समुद्रसपाटीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत सगळा जिल्हा खिडकीतून निघून जातो.

याच वाटेने पाणी उलट दिशेने येतं. तानसा धरण १८९२ सालचं, ते मुंबई महापालिकेने बांधलं. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा. भातसा त्यानंतरचं, राज्य सरकारचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कारण मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली वाहत येतं, भिवंडी तालुक्यात पिसे इथल्या बंधाऱ्यावर अडवलं जातं, तिथून उचलून शुद्ध होऊन मुंबईला जातं. ठाणे शहरही पिसेलाच भातसाचं पाणी उचलतं. मुरबाडजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. त्यावर कारखाने चालतात आणि कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, मीरा-भाईंदर अशा शहरांची तहानही भागते. थोडक्यात, या महानगराच्या नळातलं बहुतेक पाणी शहापूर-मुरबाडच्या आणि शेजारच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आहे.

आणि दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की त्याच डोंगरातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही ओळ दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येते. सोबत हंडे घेऊन विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या बायकांचा फोटो असतो. माझी या ओळीबद्दल तक्रार आहे. ती खोटी नाही, पण तिने हा विषय कायमचा हळहळीच्या खात्यात टाकला. हळहळ वाटली की माणूस मदत पाठवतो आणि पाऊस पडला की विसरतो. हिशोब मांडला तर देणं कुणाचं आणि किती, हे लिहावं लागतं. म्हणून मी हिशोब मांडते.

आधी कोरड का पडते ते पाहू. शहापुरात पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो, उतार तीव्र आहेत आणि खाली काळा कातळ आहे. बेसाल्टचा हा थर पाणी फारसं मुरवून ठेवत नाही. जे मुरतं ते भेगांतून खाली निसटतं. म्हणून दिवाळीला काठोकाठ दिसणारी विहीर होळीला तळ दाखवते. मग बायका ओहोळाच्या पात्रात डवरे खणतात, वाटी-वाटीने पाणी कळशीत भरतात. एक कळशी भरायला किती वेळ लागतो, हे मी आत्याजवळ बसून पाहिलं आहे. तेवढ्या वेळात आमच्या घरी धुण्याच्या यंत्राची एक फेरी पुरी होते.

टँकर येतो तेव्हा तो पाणी विहिरीत ओततो. मातीच्या तळावर पडलेलं ते पाणी क्षणात गढूळ होतं आणि आपापली पोहरी टाकायला एकच झुंबड उडते. आत्याच्या अंगणातून भातसाच्या जलाशयाचा फुगवटा दिसतो. निळाशार. तो आणि तिचं घर यांच्यामध्ये काही अंतर आहे आणि बरीचशी चढण आहे. चढण हीच खरी अडचण आहे, कारण पाणी खाली साठतं आणि पाडे वर आहेत. धरणाचे कालवेही धरणाच्या खालच्या गावांसाठी असतात, वरच्यांना त्यांचा उपयोग नाही. मुंबईचं पाणी पिसेपर्यंत उताराने जातं, आत्याकडे ते धरणापासूनच चढवावं लागतं.

ही अडचण अधिकारी सांगतात तेव्हा ती खरी असते. पण ती किती मोठी आहे, हे कुणी सांगत नाही. शहापूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांहून थोडी अधिक होती. आज चार लाख धरा. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, शहरासाठी १३५ लिटरचा. हा फरक का असावा, हे मला कधीच कळलेलं नाही, कारण खेड्यातल्या माणसाला तहान कमी लागत नाही आणि त्याच्या दारात गुरंही असतात. म्हणून मी शहराचाच निकष लावते. चार लाख माणसं, १३५ लिटर, म्हणजे रोज ५ कोटी ४० लाख लिटर. भातसातून मुंबईला रोज सुमारे २०० कोटी लिटर जातं. म्हणजे सगळ्या तालुक्याला, शहरी माणसाइतकं पाणी द्यायचं म्हटलं तरी ते या पाण्याच्या तीन टक्क्यांतही बसतं. साडेबारा लांबच राहिले.

आता चढणीचा खर्च. हजार लिटर पाणी २०० मीटर उंच चढवायला पंपातली घट-तूट धरून साधारण एक युनिट वीज लागते. सगळ्याच पाड्यांना एवढी चढण नाही, पण आहे असं समजू. ५४ हजार युनिटं रोज, युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाला सव्वाचार लाखांच्या थोडं वर, वर्षाला सोळा कोटींच्या आत. दुसऱ्या बाजूला, भातसाच्या पाण्यावर हजार लिटरमागे फक्त एक रुपया उगमाचा वाटा म्हणून घेतला तर दिवसाला वीस लाख आणि वर्षाला ७३ कोटी रुपये जमतात. विजेचं बिल भागून पंप बदलायला, टाक्या दुरुस्त करायला, झरे राखायला, माणसं नेमायला पैसा उरतो. शहरातल्या घरावर याचा भार किती? पाच माणसांचं घर, माणशी १३५ लिटर, म्हणजे महिन्याला वीस हजार लिटर. वीस रुपये.

या आकड्यांसमोर पहिला आक्षेप येतो तो असा की पैशाची कमतरता नाहीच, योजना भरपूर आहेत, त्या नीट राबवल्या जात नाहीत. यात तथ्य आहे. शहापुरातल्या कित्येक पाड्यांवर नळ आहेत, टाकी आहे, टाकीवर योजनेचं नाव आणि रक्कम रंगवलेली आहे, आणि टाकी कोरडी आहे. पण त्या कोरड्या का पडल्या, हे पाहायला हवं. बहुतेक ठिकाणी गोष्ट सारखीच आहे. योजना बांधायला एकदाच मोठा निधी येतो, नारळ फुटतो, पाणी येतं. मग ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाते. पंपाचं वीजबिल महिन्याला येतं आणि पाणीपट्टी वर्षाला, तीही निम्मी. भातावर जगणारं आणि दिवाळीनंतर स्थलांतर करणारं गाव पाणीपट्टी भरणार कुठून? बिल थकतं, जोडणी तुटते. मोटार जळाली तर ती भरायला शहरात पाठवावी लागते. सहा महिने योजना बंद राहिली की पाइप कुणीतरी उपटून नेतं, आणि चार वर्षांनी त्याच गावासाठी नवीन योजना मंजूर होते. डोंगरातल्या गावांना आणखी एका उद्घाटनाची गरज नाही. त्यांना दर महिन्याला येणारा पैसा हवा आहे, आणि तो कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसावा. उगमाचा वाटा याचसाठी हवा. अनुदान मंजूर करावं लागतं. वाटा पाण्याच्या मीटरबरोबर आपोआप जमा होतो.

दुसरा आक्षेप मुंबईकरांचा. तानसा आम्ही आमच्या पैशाने बांधलं, भातसाच्या पाण्याचे पैसे आम्ही राज्याला भरतो, मग आणखी कशाचे? भरतात हे खरं आहे. राज्याच्या धरणातून उचललेल्या पाण्याचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, २००५ च्या कायद्याने. पण तो पैसा जलसंपदा विभागाकडे जातो. ज्या पाणलोटात तो थेंब पडला, तिथल्या ग्रामपंचायतीच्या वहीत त्याची नोंदही होत नाही. पालिकेने बांधलेल्या तलावांचं तर सोडूनच द्या. पालिकेने पैसे मोजले ते दगडकामाचे आणि नळांचे. तलावाच्या वरचं जंगल टिकलं म्हणून तलाव गाळाने भरला नाही, त्या जंगलाचे पैसे कुणी मोजले? तानसा अभयारण्य १९७० चं. त्यातल्या आणि त्याच्या काठच्या गावांना रस्ता रुंद करायचा तरी वन विभागाची परवानगी लागते. शहराचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून ती माणसं विकासाच्या कितीतरी वाटा सोडून बसली आहेत, आणि ती स्वखुशीने बसलेली नाहीत.

असा वाटा देण्याची पद्धत आपल्या देशाला नवीन नाही. २०१५ मध्ये खाणींच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणमालकाने सरकारला स्वामित्वधन तर द्यायचंच, शिवाय त्याच्या ठरावीक हिश्शाइतकी रक्कम खाणग्रस्त जिल्ह्यातच राहील अशा निधीत भरायची. कोळसा आणि लोखंड याबाबत जे तत्त्व देशाने मान्य केलं, ते पाण्याला का लावू नये? कोळसा एकदा काढला की संपतो, म्हणून त्याची भरपाई. पाणी दरवर्षी घेतलं जातं, म्हणून दरवर्षी.

फार जुनं उदाहरण द्यायचं तर तेही आपल्याच वाटेवर आहे. सातवाहनांच्या काळी जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे उतरणारा माल नाणेघाटातून मुरबाडच्या बाजूला यायचा. घाटमाथ्यावर आजही एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातून काही खाली न्यायचं तर रांजणात काहीतरी टाकावं लागायचं. आज या डोंगरातून खाली जाणारी सगळ्यांत मौल्यवान वस्तू पाणी आहे आणि त्यासाठी डोंगरात रांजणच नाही.

नाही, कारण मागणाऱ्यांचं वजन पडत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधी ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, २०११ ला एक कोटी दहा लाखांवर. आदिवासी भाग ठाण्याच्या मुख्यालयापासून दूर पडतो, हे विभाजनामागचं मोठं कारण होतं आणि ते योग्यच होतं. पण शहापूर-मुरबाड ठाण्यातच राहिले, आणि राहिले ते आणखी एकटे पडून. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, डहाणू, तलासरी सगळे तिकडे गेले. इकडे उरलेल्या सात तालुक्यांत सहा महानगरपालिका. विधानसभेच्या अठरा जागांपैकी शहापूरची एक, भिवंडी ग्रामीणची एक. मुरबाड नावाचा मतदारसंघ आहे, पण त्यात बदलापूर शहर आहे, आणि मतं कुठे जास्त आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्षेत्रफळाने शहापूर जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. पण मतदान क्षेत्रफळ करत नाही.

जिल्हा परिषदेचा कारभार फक्त ग्रामीण भागापुरता असतो. शहर पसरलं की गावं महापालिकेत जातात, जशी २०१५ मध्ये कल्याणजवळची २७ गावं कल्याण-डोंबिवलीत गेली. गाव गेलं की तिथल्या जमीनव्यवहारांतून जिल्हा परिषदेला मिळणारा मुद्रांक शुल्काचा वाटाही जातो. चांगली कमाई देणारी गावं एकेक करून शहरात जातात आणि परिषदेकडे उरतो तो डोंगर. त्या डोंगरात कमाईची एकच गोष्ट आहे आणि तिच्यावर परिषदेला हक्क नाही.

पाण्याबरोबर माणसंही खाली जातात, हे इथे सांगायलाच हवं. शहापूर-मुरबाडचे कातकरी दिवाळी झाली की भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात घर चालवायला भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब जातं. नवरा-बायको गारा तुडवतात, विटा थापतात, पोरं शाळा सोडून सोबत. वेठबिगारीविरुद्ध श्रमजीवी संघटनेने या भागात जो लढा दिला तो याच व्यवहाराविरुद्ध होता, आणि उचलीची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. स्थलांतराचं मुख्य कारण काम आहे, पाणी नव्हे, हे मला मान्य आहे. पण उन्हाळ्यात पाड्यावर राहिलेल्या बाईचा अर्धा दिवस पाण्यात जात असेल तर ती दारची भाजी लावणार कधी? याच तालुक्यांत जिथे पाणी पोचलं, तिथे भेंडी, काकडी, दुधी होतात, टेम्पो भरून कल्याणच्या बाजारात जातात, आणि ती घरं भट्टीवर जात नाहीत. आत्याच्या शेजारच्या वाडीत एका बंधाऱ्याने हे केलं. फार मोठा बंधारा नाही. मोटारीचं बिल सगळे मिळून भरतात आणि मे महिन्यापर्यंत भेंडी निघते.

या बाजूला एक मोठी योजना मंजूर आहे. भावली धरणाचं पाणी शहापूरच्या टंचाईग्रस्त गाव-पाड्यांना द्यायची. भावली नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यात, घाटाच्या वर आहे, म्हणून ते पाणी गुरुत्वाने खाली येऊ शकतं, पंप लागत नाही. कल्पना उत्तम आहे, ती लवकर पुरी व्हावी. पण विचार करा, ज्या तालुक्याच्या पोटात मुंबईची धरणं आहेत, त्याला प्यायचं पाणी दुसऱ्या जिल्ह्याकडून घाट उतरवून आणावं लागतं. आणि त्याच घाटात समृद्धी महामार्गासाठी जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा खणून झाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेली गाडी आता शहापूर तालुक्यातून सरळ भिवंडीच्या गोदामांपर्यंत येते. मी स्वतः त्या रस्त्याने गेले आहे, रस्ता सुंदर आहे. डोंगर फोडणं या राज्याला अवघड नाही, एवढं तो बोगदा सिद्ध करतो. इच्छा झाली की कातळ आडवा येत नाही.

आता आम्हा ठाणेकरांबद्दल. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीतही उन्हाळ्यात टँकर येतो. ठाणे शहराचं स्वतःचं धरण नाही, आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक निवडणुकीत ते मिळवून देण्याचं आश्वासन असतं. त्यासाठी मुरबाडमधल्या काळू नदीकडे बोट दाखवलं जातं. काळू धरणाचं काम वन खात्याच्या मंजुरीशिवाय सुरू झालं होतं. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये ते थांबलं. धरण झालं तर आदिवासींची गावं आणि मोठं जंगल पाण्याखाली जाईल. शहरं वाढताहेत, पाणी लागणार, हे मला दिसतं. माझ्याच घरात लागतं. पण जुनं देणं थकवलेल्या माणसाने पुन्हा उधारी मागायला जावं, तसं हे आहे. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा महाराष्ट्राने दिली. तिच्यात मी एक भर घालते, आधी वाटा. तानसा, भातसा आणि बारवीच्या पाण्याचा वाटा वरच्या गावांना मिळायला लागला, पाच वर्षं नियमाने मिळाला, तर काळूबद्दल मुरबाडच्या ग्रामसभेशी बोलायला आपल्याला तोंड असेल. शिवाय गळती थांबवणं, सांडपाणी शुद्ध करून बागा आणि बांधकामांना वापरणं, ही कामं आपल्याच हद्दीत आहेत, त्यांना कुणाचं गाव बुडवावं लागत नाही.

हे होऊ शकतं, याची एक खूण जिल्ह्यातच आहे. बारवीची उंची वाढली तेव्हा बुडालेल्या गावांतल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेवटी बारवीचं पाणी पिणाऱ्या महापालिकांनी, नगरपालिकांनी आणि एमआयडीसीने प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या द्यायच्या, असं ठरलं. पाणी पिणाऱ्याने पाणी देणाऱ्याला काही देणं लागतं, हे तिथे कागदावर आलं. मात्र नोकरी एका पिढीची असते आणि बुडालेल्यालाच मिळते. ज्याचं घर बुडालं नाही, फक्त विहीर आटते, त्याला ती मिळत नाही.

साडेबारा टक्क्यांच्या चुका मात्र पुन्हा करायला नकोत. नवी मुंबईत भूखंड एकेकाच्या नावावर आला आणि बाजारभाव कळायच्या आत बऱ्याच जणांनी तो बिल्डरला देऊन टाकला. काहींच्या हाती भूखंड येईपर्यंत पिढी उलटली होती. जमिनीची ताकद एकत्र होती, ती तुकड्यांत विकली गेली. म्हणून पाण्याचा वाटा कुणा एकाच्या खात्यात जाऊ नये, तो विकता येऊ नये आणि गहाण टाकता येऊ नये. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध, म्हणजे ठरावीक योजनेला न बांधलेला, निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे द्यायची पद्धत राज्याने सुरू केलेली आहे. हाच रस्ता वापरावा. पैसा ग्रामसभेच्या कोषात जावा, पाड्याच्या स्त्रियांची सही त्यावर लागावी, आणि त्यातून आधी पाण्याची कामं व्हावीत. कमानी आणि सभामंडप नकोत. दर पाच-सहा गावांमागे मोटार दुरुस्त करता येणारी दोन मुलं पगारावर असावीत. आयटीआय झालेली अशी मुलं तालुक्यात आहेत, आज ती रोज पहाटे कसाऱ्याहून लोकल पकडतात.

ग्रामसभाही चुकतील, पैसे चुकीच्या जागी जातील, असं मला काही जण सांगतात. जातील. महापालिकेत गेलेले नाहीत का? फरक एवढाच की पाड्यावर पाणी आलं नाही तर ते त्याच दिवशी सगळ्या पाड्याला कळतं.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला. टँकरच्या बिलाचा ठराव मंजूर झाल्यावर लगेच. महापालिका उगमाचा वाटा म्हणून घरटी महिना वीस रुपये घेणार असेल तर आमची तयारी आहे, असं पत्र महापौर, पालकमंत्री आणि जिल्हा नियोजन समितीला पाठवायचं. बराच वाद झाला. आम्हालाच पाणी पुरत नाही, मग आम्ही का भरायचे, असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. आमच्या नळातलं पाणी वाढवायची ही योजना नाही, हे मी कबूल केलं. शेवटी ठराव मताला टाकला आणि थोडक्यात मंजूर झाला.

पत्राचा मसुदा सचिवांनी लिहिला. त्यात ‘शहापूर तालुक्यातील टंचाईग्रस्त गावांना मदत म्हणून’ असे शब्द होते. आमच्या इमारतीत घणसोलीकडचे एक निवृत्त गृहस्थ राहतात, साडेबारा टक्क्यांचा भूखंड घरात वाटला गेल्यावर इकडे आलेले. त्यांनी सचिवांच्या हातातून पेन घेतलं, ‘मदत’ खोडलं आणि वर ‘वाटा’ लिहिलं. मग मसुदा परत टाइप करायला दिला. सोमवारी तो तिन्ही ठिकाणी जाईल.